काकांचं दुप्पट

सोलापुरात आमच्या काकांचं पत्र्याच्या कामाचं दुकान होतं. टाक्या, धान्याच्या कोठ्या आणि अधूनमधून एखाद्या देवळाचा घुमट. घुमटाला किती पत्रा लागेल, याचं काकांचं गणित एका शब्दाचं होतं: दुप्पट. बुडाच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ काढायचं, दुप्पट करायचं, वर सांध्यांसाठी थोडं धरायचं.

हे गणित खोटं नाही. घुमट बरोबर अर्धा गोल असेल तर तेवढाच पत्रा लागतो. पण गल्लीतल्या देवळाचा घुमट बसका होता. बुडाचा व्यास १२ फूट, उंची जेमतेम ३ फूट. काकांनी नेहमीप्रमाणे दुप्पट केलं: २२६ चौरस फूट तांब्याचा पत्रा. मी तेव्हा डिप्लोमाला होतो. वहीत मांडून पाहिलं, तर आकडा आला १४१.

रीत सोपी आहे. घुमटाच्या टोकापासून काठापर्यंतचं सरळ अंतर घ्या. तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ जमिनीवर काढा. त्या सपाट वर्तुळाचं क्षेत्रफळ तेच घुमटाच्या पाठीचं. पायथागोरसने त्या अंतराचा वर्ग निघतो: ६ चा वर्ग ३६, ३ चा वर्ग ९, बेरीज ४५. त्याला पायने गुणलं की झालं. अर्ध्या गोलात उंची आणि बुडाची त्रिज्या सारखीच असते, म्हणून तिथे उत्तर आपोआप दुप्पट येतं. म्हणजे काकांचा नियम याच नियमाच्या पोटातला होता, फक्त एका आकारापुरता खरा.

८५ चौरस फूट तांबं जादा. मी बोललो नाही. काका लबाड नव्हते. काम झाल्यावर उरलेला पत्रा दुकानातच राहायचा, असा रिवाज होता. माझी फी तेच भरत होते. मोठ्यांची चूक काढायची नाही, हे घरात न सांगता शिकलो होतो. पैसे मात्र वर्गणीचे होते, आणि वर्गणी देणाऱ्यांत विड्या वळून घर चालवणाऱ्या बायका बऱ्याच होत्या.

पुढे भास्कराचार्य वाचताना हे सगळं परत समोर आलं. ११५० च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त गोलाच्या पृष्ठफळाचा विषय येतो. आठव्या शतकातला लल्ल हा मोठा ज्योतिषी. त्याने वर्तुळाच्या क्षेत्रफळाला परिघाने गुणायला सांगितलं होतं. भास्कराचार्य म्हणतात, हे चूक. वर्तुळाच्या क्षेत्रफळाची चौपट करा, चेंडूभोवती जाळं असावं तसं ते पृष्ठफळ. आणि नुसतं म्हणून थांबत नाहीत. मातीचा किंवा लाकडाचा गोल करा, त्यावर रेषा आखा, तुकडे मोजा, असं सांगतात. याच लल्लाच्या ग्रंथावर त्यांनी विवरणही लिहिलं आहे. ज्याची चूक दाखवली, त्याचाच ग्रंथ समजावून देण्यात आयुष्याचा काही काळ घातला. मान देणं आणि चूक दाखवणं ही त्यांना दोन टोकं वाटली नसावीत.

यावर कुणी म्हणेल, लल्ल तर केव्हाच गेलेला होता. गेलेल्या माणसाला चूक म्हणायला काय लागतं? समोर जेवायला वाढणाऱ्या काकांना म्हणून दाखव. हा आक्षेप मला खरा वाटतो. भास्कराचार्यांकडून मला धीर मिळत नाही, पण रीत मिळते. ‘तुमचं चुकलं’ म्हणायची गरज नव्हती. एक जुना रबरी चेंडू कापायचा, एकदा बरोबर मधून, एकदा वरच्या बाजूला, आणि दोन्ही तुकडे काकांच्या हातात द्यायचे. तीस वर्षं पत्रा वाकवलेल्या माणसाच्या बोटांना बाकीचं कळलं असतं.

मी ते केलं नाही, याला मी बरीच वर्षं आदर म्हणत आलो. आता तसं म्हणवत नाही. काकांना समजणार नाही, पटणार नाही, हे मी परस्पर ठरवून टाकलं होतं. यात आदर कुठे होता? आणि जो काही होता, त्याची किंमत मी दिली नाही. ती दिली त्या बायकांनी, ज्या हिशेबाच्या वेळी दुकानात नव्हत्या.

काका आता नाहीत. घुमट आहे. संध्याकाळी तिथून जाताना मी अजून मनातल्या मनात ३६ आणि ९ ची बेरीज करतो.