जागा उसनी चालेल, माणसं नकोत

कीर्तनकारांनी एकदा ‘विठ्ठल’ म्हटलं आणि मशीननं ते चार वेळा परत पाठवलं, तर नाम किती वेळा झालं? एकदा की पाच वेळा? विष्णुपुरीत मृदंग शिकणाऱ्या एका पोरानं सप्ताहात मला हे विचारलं. त्याच्या घरी आजीची माळ चालते. एक नाम, एक मणी, हा हिशोब त्यानं लहानपणापासून पाहिलेला, त्यामुळे शंका येणं साहजिकच. ‘एकदाच,’ असं मी सांगून टाकलं. हे उत्तर बरोबर आहे यावर माझा पक्का विश्वास आहे. पण ते बरोबर का, हे नीट सांगायचं तर मिक्सरपासून अमृतानुभवापर्यंत जावं लागतं.

मी मंडप-साउंडवाला. एका बाजूला काळेश्वराचं मंदिर आणि गोदावरीवरच्या धरणाचं पाणी, दुसऱ्या बाजूला विद्यापीठ, इंजिनिअरिंग कॉलेज, सरकारी दवाखाना, असं आमचं गाव. या पट्ट्यातल्या सप्ताहांना मी साउंड लावतो. आमच्या धंद्यात आवाज घुमवणाऱ्या सगळ्या बटणांना मिळून एकच नाव आहे, ‘इको’. महाराज चाल धरता धरता माझ्याकडे बघून बोट वर करतात, ‘माऊली, इको सोडा थोडा.’ प्रत्यक्षात तिथं तीन वेगळी कामं आहेत, आणि माझं सगळं म्हणणं त्या तिन्हींतल्या फरकावर उभं आहे.

हवेत आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. समोर 17 मीटरवर उंच भिंत असेल तर आवाजाला जाऊन यायला सेकंदाचा दहावा भाग लागतो, आणि कानाला मूळ शब्द आणि परतलेला शब्द असे दोन वेगळे ऐकू येतात. हा खरा इको. मशीनवर त्याला डिले म्हणतात. गाभाऱ्यात मात्र भिंती हाताच्या अंतरावर असतात. तिथं आवाज इतक्या वेळा आणि इतक्या दाट परततो की कान मोजणं सोडून देतो. शब्द नुसता रेंगाळत विरत जातो. हा रिव्हर्ब. तिसरं काम मॉड्युलेशनचं, त्यात कोरस येतो, फ्लँजर येतो. कोरसमध्ये मशीन गळ्याची एक प्रत काढतं, ती वीस-तीस मिलिसेकंद मागं ठेवतं आणि तिचा सूर किंचित खालीवर हलवत राहतं. दोन माणसं एकच ओळ गातात तेव्हा त्यांचा सूर आणि वेळ कधी तंतोतंत जुळत नाही. नेमकी त्याचीच ही नक्कल. एक गळा असून दहा जण गात असल्यासारखं वाटतं.

पूर्वी स्टुडिओवाले फरशीच्या रिकाम्या खोलीत स्पीकर आणि माइक ठेवून आवाज घुमवून घेत. 1957 साली जर्मनीच्या ईएमटी कंपनीनं त्यासाठी पोलादी पत्र्याचं यंत्र काढलं, ते अडीचशे किलोच्या वर भरायचं. पुढं 1960 नंतर बेल लॅब्जमध्ये मानफ्रेड श्रोडर यांनी हेच काम गणितानं करून दाखवलं. आवाज साठवायचा, थोडा कमी करून पुन्हा आत सोडायचा, अशा अनेक फेऱ्या एकमेकींत गुंतवायच्या. आज ते सगळं मिक्सरमधल्या नखाएवढ्या चिपमध्ये बसतं. ‘हॉल’, ‘रूम’, ‘प्लेट’ ही प्रीसेटची नावं मात्र जुनीच राहिली.

काही जुनी माणसं म्हणतात की देवाच्या कामात हा खोटेपणा नको. गाभारा नसताना गाभारा ऐकवायचा म्हणजे फसवणूकच. मला हे पटत नाही. सप्ताहाचा मंडप मोकळ्या शिवारात असतो. वर कापड, खाली सतरंज्या, बाजूला काहीच नाही. तिथं आवाज तोंडातून निघतो आणि उडून जातो, गाणाऱ्याला स्वतःचा सूरसुद्धा धरता येत नाही. अशा वेळी थोडा रिव्हर्ब दिला की अभंगाला बसायला जागा मिळते. आणि नक्कल म्हणाल तर आपल्या मराठवाड्यातच तिचा मोठा दाखला आहे. वेरूळच्या दहाव्या लेण्यात, विश्वकर्मा म्हणतात त्या चैत्यात जाऊन वर बघा. छताला कमानीसारख्या बरगड्या आहेत, हुबेहूब लाकडी वाशांसारख्या. त्या दगडाच्या आहेत, डोंगरातूनच कोरून काढलेल्या. छताचा भार त्यांच्यावर अजिबात नाही. त्या काढल्या तरी लेणं पडणार नाही. जुन्या लाकडी चैत्यगृहांची आठवण म्हणून कारागिरांनी त्या कोरल्या. हजार-तेराशे वर्षांत कोणी त्यांना खोट्या बरगड्या म्हटलं नाही. त्याच छताखाली एक सूर लावून बघा, तो किती वेळ घुमत राहतो. मंदिराची आठवण दगडात करता येते तशी विजेतही करता येते. त्यात पाप नाही.

पण इथं एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी, आणि ती मी धंद्यात शिकलो. दुपारी मंदिराच्या पत्र्याच्या सभामंडपात साउंड लावून बघावा तर आवाज नुसता कोंदतो. रात्री बायाबापड्यांनी तोच मंडप भरला की कोंदणं निम्म्यावर येतं. लुगडी, धोतरं, शाली, मांडीवर झोपलेली लेकरं, ही सगळी आवाज पिऊन टाकतात. 1895 साली अमेरिकेत हार्वर्डच्या एका नव्या व्याख्यानगृहात शिकवलेलं कोणाला कळेना, तेव्हा ते दुरुस्त करायचं काम वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाकडं आलं. बोललेला शब्द तिथं सुमारे साडेपाच सेकंद घुमायचा. त्यांनी रात्री-रात्री दुसऱ्या सभागृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून मांडल्या, किती गाद्यांनी घुमणं किती कमी होतं ते मोजलं, आणि माणूस बसला की किती कमी होतं तेही मोजलं. सभागृहाच्या आवाजाचं शास्त्र तिथून सुरू झालं. म्हणजे घुमणं हा रिकाम्या जागेचा गुण आहे. माणसं जमली की ते कमी होतं. हे कळल्यापासून, एखाद्या मंडपात ओतून इको दिलेला ऐकला की मला तिथली पुढची मोकळी सतरंजी आधी दिसते.

आता त्या पोराच्या प्रश्नातलं नाम अगदी जवळून पाहू. ‘विठ्ठल’ सावकाश म्हणून बघा. ‘वि’ झाल्यावर जीभ टाळूला टेकते आणि ‘ठ्ठ’ फुटण्याआधी क्षणभर काहीच ऐकू येत नाही. त्या शांततेनंतर ‘ठ’ दमदार फुटतो, मग ‘ल’ येतो. त्या नावाचा सगळा जोर त्या मधल्या गप्प क्षणावर आहे. स्वर मोठे आणि लांब असतात, व्यंजनं बारीक आणि क्षणभराची. रिव्हर्ब तीन सेकंदांवर नेला की ‘वि’मधला इकार विरतच नाही, तो त्या शांततेत जाऊन बसतो आणि ‘ठ’ला झाकून टाकतो. ‘ज्ञानदेव’, ‘तुका’ यांचीही तीच गत होते. मग भोंग्यातून नुसता स्वरांचा लोंढा येतो. आमच्याकडं एक म्हातारी रोज खांबाला टेकून बसायची. एका रात्री ती उठून माझ्यापाशी आली नि म्हणाली, ‘बाबा, आवाज लई येतो, शब्दच येईना.’ साउंडच्या धंद्यात यापेक्षा नेमकी तक्रार मी ऐकलेली नाही.

शब्द किती वेळ टिकावा, यावर आपल्याकडं पुष्कळ विचार झालेला आहे. आपल्या जुन्या दर्शनकारांतले नैयायिक म्हणतात, शब्द उत्पन्न होतो आणि लगेच नाश पावतो. जाताना तो पुढचा शब्द जन्माला घालतो, पाण्यावर एका लाटेतून दुसरी उठते तसा, आणि कानाला पोचतो तो त्या मालिकेतला शेवटचा. मीमांसकांना हे मान्य नाही. त्यांच्या मते शब्द नित्यच आहे, आपला उच्चार त्याला फक्त प्रकट करतो. दोघांपैकी कोणाचंही धरा, इकोची बाजू उभी राहत नाही. नाम नित्य असेल तर मशीन त्यात काय भर घालणार? आणि ते क्षणिक असेल तर क्षणात जाऊन कानात पोचणं हेच त्याचं काम. त्याला हवेत अडवून ठेवण्यात काय मिळवलं?

ज्ञानेश्वर अमृतानुभवाच्या सहाव्या प्रकरणात आधी शब्दाचा मोठा गौरव करतात. अमूर्ताला दाखवणारा आरसा तो हाच, विसरलेल्याला आठवण करून देणाराही हाच, असं म्हणतात. आणि मग त्याच प्रकरणात त्याला बाजूला सारतात, कारण जे कधी विसरलंच नाही त्याची आठवण कोण कोणाला देणार. मला या चालीतून एवढं कळलं की शब्द आठवण देतो आणि निघून जातो, आणि निघून जाणं हाही त्याच्या कामाचाच भाग आहे. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनांनी काव्यातल्या सूचित अर्थाला घंटेच्या अनुरणनाची उपमा दिली. टोल पडून गेल्यावर जे घुमत राहतं, तसा तो अर्थ शब्दामागून येतो. तो उमटतो मात्र ऐकणाऱ्याच्या मनात. कीर्तनात महाराज एक चरण म्हणून थांबतात ती जागा त्यासाठीच असते. ती जागा मी मशीननं भरून टाकली तर ऐकणाऱ्याच्या मनात उमटायचं ते बाहेर भोंग्यातच संपून जातं.

आता माळेचा हिशोब. वारकरी कीर्तनात इको मुळातच आहे, आणि तो मशीनहून फार जुना आहे. कीर्तनकार चरण म्हणतात, मागं उभे असलेले टाळकरी तो उचलतात, मृदंग त्याला धरून चालतो, विणेकरी मान डोलावत उभा असतो, आणि समोरची माणसं ओठांत तेच म्हणतात. शब्द परत येतोच, पण प्रत्येक वेळी कोणाच्या तरी कानात शिरून, कोणाच्या तरी छातीतून निघून. एकाचा सूर चढा, एकाचा बसका, एकाला दम लागलेला, एकाचा मुलगा नुकताच गेलेला. दहा टाळकऱ्यांनी म्हटलेलं नाम दहा वेळा होतं, कारण दहा जणांनी ते ऐकलं आणि घेतलं. मशीन न ऐकता परत देतं. त्याच्यात नाव गेलं आणि नाव आलं, मधे कोणी नव्हतं. म्हणून एकदाच.

यामुळे तिन्ही बटणांपैकी कोरसवर माझा सगळ्यात जास्त राग आहे. हल्ली गावोगावी टाळकरी कमी झालेत. पोरं पुण्याला, हैदराबादला कामाला गेलीत. मग कोणीतरी सुचवतं, ‘मागच्या गायकाला कोरस लावा, भरल्यासारखं वाटेल.’ तांत्रिकदृष्ट्या ते अगदी सोपं आहे. एकाचे आठ होतात, दुरून फरक कळत नाही. पण रिव्हर्ब जागेची आठवण देतो, कोरस मात्र न आलेल्या माणसांची हजेरी मांडतो. जागा उसनी घेता येते, संगत घेता येत नाही. चार टाळकरी असतील तर चारच ऐकू आले पाहिजेत. ते चार जण ऐकून गावाला आपली उणीव कळली तर कदाचित पाचवा येईल. आठ ऐकू आल्यावर तो कशाला येईल?

उसना थाट नको, हे या मुलखाला नवीन सांगायला नको. आपल्या जिल्ह्यातल्या गोरट्याचे दासगणू महाराज एकदा शिर्डीत कीर्तनाला निघाले होते, लांब कोट, उपरणं, फेटा असा थाट करून. साईबाबांनी त्यांना विचारलं, हा नवरदेवाचा वेश कशासाठी? महाराजांनी तिथंच सगळं उतरवलं. तेव्हापासून उघड्या अंगानं, हातात चिपळ्या आणि गळ्यात हार, असंच त्यांनी कीर्तन केलं. 1962 मध्ये ते गेले. कीर्तनकारानं काय अंगावर घ्यावं आणि काय उतरवावं, हा प्रश्न आवाजालाही तसाच लागू पडतो, असं मला मनापासून वाटतं.

कायद्यानं रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद असतो. त्यामुळे पहाटेच्या काकड्याला मी मिक्सर उघडतच नाही, एका कोपऱ्यात टाळ घेऊन बसतो. तेव्हा माणसं थोडी असतात, पण प्रत्येकाचा आवाज ओळखता येतो. कोण आलंय आणि कोण आलेलं नाही, हे डोळे मिटूनही कळतं.

सप्ताहाच्या मंडळींना माझी हात जोडून विनंती आहे. निरूपण चालू असताना इको मागू नका. तेव्हा ते बटण शून्यावरच असू द्या. अभंगाला थोडा रिव्हर्ब चालेल, मंडप मोकळा असेल तर सव्वा-दीड सेकंद, पत्र्याखाली असेल तर तोही नको. डिले आणि कोरस बंद. त्याऐवजी टाळकऱ्यांसाठी दोन माइक जास्तीचे सांगा. आणि वाचणाऱ्यांनो, तुमच्या गावात सप्ताह बसला की संध्याकाळी हरिपाठाला या. टाळ मंदिरातच असतात, येताना काही आणायला लागत नाही.