सगळ्यात छोटं वाक्य

॥ श्री सद्गुरवे नमः ॥



गेल्या रविवारी उधन्याच्या बालसंस्कार वर्गात आम्ही मुलांना कोडं घातलं, सगळ्यात छोटं वाक्य कोणतं? मुलं सुरतची. शाळेत गुजराती नाहीतर इंग्रजी, घरात मराठी नाहीतर अहिराणी. कुणी म्हणालं 'राम आला', कुणी 'मी जातो'. मग एक चिमुरडी म्हणाली, 'ये'. लगेच दुसरा ओरडला, 'जा'. दे, घे, खा, पी अशी रांगच लागली. गुजरातीत 'ये'ला 'आव' म्हणजे दोन अक्षरं लागतात, म्हणून आपली मुलं खूश! 'जा' आणि 'खा' मात्र दोन्हीकडे सारखंच.

एका अक्षराचं वाक्य होतं का? होतं, आणि पूर्ण होतं. 'ये' हे क्रियापद आहे आणि कर्ता 'तू' त्यात लपलेला आहे. तो उच्चारावा लागत नाही, कारण कुणाला बोलावलं ते दोघांनाही ठाऊक असतं. आईला 'ये', सासूबाईंना 'या'. मात्रेच्या जागी काना आला की नातं बदललं. आणि देवाला? विठोबाला कुणी 'अहो' म्हणत नाही, त्याला आपण हक्काने 'ये'च म्हणतो.

बृहदारण्यक उपनिषदाच्या पाचव्या अध्यायात प्रजापतींची कथा आहे. देव, मानव आणि असुर तिघेही त्यांच्याकडे शिकायला राहिले. शेवटी उपदेश मागितला तर प्रत्येकाला एकच अक्षर मिळालं, 'द'. देवांनी त्यातून दमन म्हणजे संयम घेतला, माणसांनी दान, असुरांनी दया. प्रजापती म्हणाले, बरोबर समजलात. नुसता 'द' हे काही वाक्य नव्हे, ते ऐकणाऱ्यांनी पुरं केलं. ज्याचं जिथे उणं होतं, तेच त्याला ऐकू आलं.

याच्याही पुढची गोष्ट आपल्या तापीकाठची आहे. जळगाव जिल्ह्यात मुक्ताईनगरजवळ तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव गाव आहे, तिथे चांगदेवांचं जुनं देऊळ आहे. तेच पाणी पुढे उकाईवरून आपल्या सुरतेला येतं. चांगदेव महाराज चौदाशे वर्षं जगलेले योगी, अशी परंपरा सांगते. त्यांनी ज्ञानेश्वर माऊलींना पत्र लिहायला घेतलं आणि मायन्यावरच अडले. वयाने लहान म्हणून 'चिरंजीव' लिहावं, तर ज्ञानाने मोठे. 'तीर्थरूप' लिहावं, तर समोर पोरगा. शेवटी कोराच कागद पाठवला. लहानगी मुक्ताई म्हणाली, चौदाशे वर्षं झाली तरी हे कोरेच! त्या कोऱ्या कागदाला माऊलींनी पासष्ट ओव्यांचं उत्तर पाठवलं, तीच चांगदेव पासष्टी. पुढे चांगदेवांनी त्याच मुक्ताईला गुरू केलं.

आम्हाला वाटतं, चांगदेवांकडे शब्द कमी नव्हते. 'मी मोठा की तू मोठा' हे ठरेना, म्हणून 'ये' एवढं एक अक्षरही लिहिता आलं नाही.

आपल्याही घरात असे कोरे कागद असतात. परिवारातल्या एका ताईंनी परवानगी दिली म्हणून लिहितो, नाव-गाव सांगत नाही. माहेर खान्देशात. वडील गेल्यावर हक्कसोड पत्रावर सही करायची की नाही, यावरून थोरल्या भावाशी बोलणं बंद झालं, त्याला तीन वर्षं झाली. दोघेही घरच्या ग्रुपवर आहेत. रोज शुभ सकाळ येतं, सगळ्यांना येतं, एकमेकांना नाही. आखाजीला मुराळी येणं थांबलं. ताईंनी भावासाठी एक मोठा मेसेज लिहून ठेवला होता. त्यात गट नंबर, आईच्या दवाखान्याचं बिल, कोण किती रात्री उशाशी बसलं, सगळं होतं. सत्संगानंतर त्यांनी तो आम्हाला वाचून दाखवला. एक अक्षर खोटं नव्हतं. आमच्यातल्या सगळ्यात वयस्क काकू म्हणाल्या, "अगं, सगळं लिहिलंस, पण त्याला यायला कुठे सांगितलंस?"

ताईंनी दोन दिवसांनी पाठवलं ते एवढंच : 'दादा, ये.'

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगावीशी वाटते. 'ये' म्हटलं म्हणजे हक्क सोडला असं होत नाही. वाटणीचं वाटणीच्या जागी, ते वकिलाला विचारून शांतपणे करावं. बहिणीने गोड बोलायचं म्हणजे सही करून टाकायची, असा अर्थ कुणी काढू नये. आणि छोटं बोललं म्हणजे प्रेमाचं झालं असंही नाही. 'जा' हेही एकच अक्षर आहे, आणि हल्ली मुलं उत्तरादाखल नुसतं 'के' पाठवतात तेही! कुठल्या 'हो'मध्ये होकार आहे आणि कुठल्यात कंटाळा, ते घरच्यांना बरोबर कळतं.

मेसेजला निळ्या खुणा दोन तासांत आल्या. उत्तर दोन दिवस नाही. ताई सारखा फोन उलटा करून ठेवायच्या आणि परत सुलटा करून बघायच्या. तिसऱ्या दिवशी दादांचं आलं : 'कधी?'

दादा येऊन गेले. सातबाऱ्याचं अजून ठरलेलं नाही, बोलणी चालू आहेत.

येत्या गुरुवारी संध्याकाळी सत्संगात चांगदेव पासष्टीचं सामूहिक वाचन आहे. पासष्टच ओव्या आहेत, मुलांनाही आणा. ज्यांच्याकडे पोथी आहे त्यांनी सोबत घ्या, नसेल त्यांना शेजारच्यांच्या पोथीत बघता येईल.

– सेवेतील एक भगिनी, सुरत