सोनकीची घाई

गणपती गावाला गेले की कोल्हापूरकरांना मसाई पठाराची आठवण येते. पन्हाळ्याच्या पुढे, जांभ्याच्या खडकावर बेताची माती, तिच्यावर सोनकीची रोपं, आणि नजर जाईल तिथवर पिवळंधमक. (पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटून शिवाजी महाराज विशाळगडाकडे गेले ते याच पठारावरून, १६६० च्या आषाढात. सोनकी तेव्हा फुलायची होती.)

सोनकीचं एक फूल डोळ्यांजवळ धरावं. ते एक फूल नसतंच. मधल्या चकतीत इवलीशी नळीदार फुलं दाटीवाटीने बसलेली असतात आणि कडेची जी पाकळी वाटते, तीही एकेक फूलच. सूर्यफुलाच्या कडेची फुलं वांझ, नुसती मिरवायला. सोनकीच्या कडेची मात्र बी धरतात. एका जागी बसून मधमाशीच्या अनेक फुलांच्या भेटी होतात. महाबळेश्वरच्या मधपाळांना सोनकीचं कौतुक आहे ते उगीच नाही.

सोनकीचा एक भाऊबंद अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडच्या रुक्ष मुलखात, खाली मेक्सिकोपर्यंत, झुडूप होऊन राहतो. दोघांचंही शास्त्रीय नाव ‘सेनेसिओ’ने सुरू होतं. फुलं तशीच पिवळी, तशीच चकतीची. पानं मात्र बघा: सोनकीची रुंद, दातेरी, त्याची दोऱ्यासारखी बारीक, वर पांढुरकी लव. जिथे पाण्याचा थेंब जपायचा, तिथे उन्हाला पान जितकं कमी दाखवाल तितकं बरं. फूल घराण्याचं राहिलं, पान मुलखाचं झालं.

घराण्याचा विषय निघाला की कोल्हापुरात अल्लादिया खाँसाहेबांना ओलांडून पुढे जाता येत नाही. तरुणपणी अति गाण्याने त्यांचा गळा बसला तो बसलाच, पूर्वीचा आवाज काही परत आला नाही. उरलेल्या आवाजाला काय पेलेल हे पाहत त्यांनी गायकी नव्याने घडवली, पेचदार, लयीला बांधलेली. १८९५ साली शाहू महाराजांच्या दरबारी आले ते ही गायकी घेऊनच. उणीव झाकण्यापेक्षा तिच्या मापाने काम बेतणं मला अधिक अवघड वाटतं, आणि अधिक देखणंही.

मग सोनकीला उणीव नाही का? मसाईवर पाऊस धो धो पडतो, म्हणून ती चैनीत आहे असं वाटतं खरं. पण जांभ्यावरची ती माती पाऊस सरला की वाळायला लागते. रुंद पानांचा थाट तिथे फार दिवस परवडणारा नाही. वाळवंटातल्या भावाने पान आवरलं, सोनकीने मुक्काम आवरला. पावसाबरोबर उगवायचं, भाद्रपद-आश्विनात फुलायचं, ओल संपायच्या आत बियांना पांढरे तंतू लावून वाऱ्यावर सोडायचं आणि मोकळं व्हायचं. रेंगाळणं नाही.

त्यामुळे दिवाळी उरकून, पाहुण्यांना गाडीत घालून, सवडीने पठारावर पोचणाऱ्यांना नुसत्या काड्या दिसतात. मोबाईलवर तर केवढं पिवळं होतं, असं म्हणत मंडळी पन्हाळ्याला झुणका-भाकर खायला वळतात.