गोळी जुनी, तपासणी महिन्याची

श्रीपूरला पांडुरंग कारखान्याचं धुराडं पेटलं की बीडकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात, कोप्या उभ्या राहतात. त्यांतली एखादी चाळिशीची बाई डोळ्यांपुढे आणा. मोळी घेऊन फळीवर चढताना तिला धाप लागते, छातीत धडधडतं. ‘अंगात रक्त नाही’ म्हणून विषय मिटतो. मूळ कदाचित लहानपणी घसा दुखून आलेल्या तापात असतं. त्या सांधेतापाने हृदयाची झडप अरुंद होते, डावी कर्णिका फुगते आणि तिचा ठेका मोडतो. ती नुसती थरथरत राहते. साचलेल्या रक्तात गुठळी धरते, आणि ती मेंदूत अडकली की लकवा.

पाश्चात्त्य देशांत ही थरथर बहुतेक म्हाताऱ्यांची. आपल्याकडे 2011-12 साली 24 केंद्रांतल्या दीड हजारांवर रुग्णांची नोंद झाली, तेव्हा सरासरी वय पंचावन्नच्या आत निघालं आणि जवळपास निम्म्यांना सांधेतापाचा हृदयविकार होता. रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्यांच्या मोठ्या चाचण्यांनी मात्र अशा अरुंद झडपांचे रुग्ण आधीच वगळले होते. तरी ‘तिथे चालली, इथेही चालेल’ हा तर्क सोपा होता. नव्या गोळीला जुनीसारखी महिन्याची रक्ततपासणीही लागत नाही.

हृदयाच्या ठेक्याबाबत तर्काने पूर्वी जीव घेतले आहेत. अमेरिकेतल्या ‘कास्ट’ चाचणीत हृदयविकाराच्या झटक्यानंतरचे जादा ठोके औषधाने दाबले. आलेख सुधारले, पण 1991च्या अहवालात औषधाच्या 755 रुग्णांत 63 मृत्यू होते आणि नुसत्या साखरेच्या गोळीवरच्या 743 जणांत 26.

म्हणून नव्या-जुन्या गोळ्यांची अशाच रुग्णांत तुलना करणाऱ्या ‘इन्व्हिक्टस’ चाचणीचं मोल मोठं. तिच्या धुरीणांत दिल्लीच्या एम्सचे गणेशन कार्तिकेयन होते. भारतासह 24 देश, साडेचार हजारांवर रुग्ण, सरासरी वय पन्नास, त्यांत 72 टक्के बायका. म्हणजे आपलीच माणसं. 2022 साली निकाल आला तो तर्काच्या उलट: नव्या रिव्हारोक्साबानच्या गटात 552 मृत्यू, वॉरफरिनसारख्या जुन्या गोळ्यांच्या गटात 442. गंमत अशी, की जुन्या गोळीवरच्या लोकांचा आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालं ते सांगणारा आकडा, या चाचणीतही सगळ्या वेळी जागेवर नव्हता. साधारण साठ टक्क्यांच्या आसपासच. आणि वाचलेले जीव मुख्यतः लकव्यापासून नव्हे, तर अचानक मृत्यूपासून आणि हृदय थकण्यापासून वाचले.

मग तारलं कुणी? गोळीने, की तपासणीच्या निमित्ताने दर महिन्याला डॉक्टरांसमोर बसण्याने? खात्रीचं उत्तर अजून नाही. माझा कल भेटीकडे आहे. पण कोणतंही उत्तर खरं ठरलं तरी तपासणी सुटता कामा नये, आणि कोपीतल्या बाईची सुटते ती नेमकी तीच. उचल घेतलेली, रोजचा खाडा परवडत नाही, तपासणीचा जुना कागद गावाकडे राहिलेला. एखाद्या महिन्यात पालेभाजीचं प्रमाण बदललं तरी आकडा हलतो, आणि तो बघणारं कुणी नसतं.

बोटाच्या थेंबावर जागीच आयएनआर सांगणारी हातात मावणारी यंत्रं आज मिळतात. गव्हाणीची पूजा होते त्याच दिवशी असं एक यंत्र कारखान्याने तळावर ठेवावं, आणि महिन्यातून एक दिवस आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी कोप्यांवर यावं. त्या दिवसाचा खाडा बाईच्या उचलीतून कापू नये.