सांधा झाकू नये



श्रीमद्भगवद्गीतेत नौकेचा दृष्टांत दोन ठिकाणी आला आहे. दुसऱ्या अध्यायाच्या ६७ व्या श्लोकात वाऱ्याने पाण्यावरून ओढून नेलेली नाव आहे, आणि चौथ्या अध्यायाच्या ३६ व्या श्लोकात सर्व पापांच्या पार नेणारी ज्ञानाची नौका आहे. वाहून जाणारी नाव आणि पार नेणारी नाव यांत भेद कोठे पडतो, याचा विचार मी इतकी वर्षे पोथी पुढ्यात असूनही केला नव्हता. तो मला एका हातभर लांबीच्या लाकडी जहाजाने करावयास लावला.

आम्ही राहतो ते बोरसी गाव भिलाईजवळचे. समुद्र येथून शेकडो कोस दूर. शिवनाथेचे पात्र हेच आमचे मोठे पाणी. तथापि जहाजाशी या भूमीचा संबंध नाही असे म्हणता येणार नाही. कोची येथे बांधलेली व २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलात दाखल झालेली ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका जिच्या पोलादाने घडली, त्यात भिलाईच्या कारखान्याचाही वाटा आहे. आमच्या शेजारचे एक वृद्ध गृहस्थ याच कारखान्यात पोलादाचे जाड पत्रे लाटण्याच्या विभागात आयुष्य घालवून निवृत्त झाले. त्यांस मी काका म्हणतो. दिवाळीपर्यंत नातवास शिडाचे जहाज करून देण्याचे वचन त्यांनी दिले, आणि पेटीतून आलेले लाकडी तुकडे मांडून ते कामास बसले.

हे काम वरून दिसते तितके सोपे नसते. प्रथम मधला कणा उभा करावयाचा, त्यावर आडव्या फासळ्या बसवावयाच्या, आणि मग त्या सांगाड्यावर लाकडाच्या बारीक पट्ट्या एकीशेजारी एक चिकटवीत जावयाच्या. नवशिक्यास वाटते की पट्ट्या सरळ आहेत, तशाच लावीत गेले की झाले. परंतु जहाजाचा घेर मध्यभागी मोठा असतो आणि नाळेकडे, म्हणजे पुढील टोकाकडे, लहान होत जातो. मधल्या फासळीवर एका बाजूचा घेर १२० मिलिमीटर असेल, तर पाच मिलिमीटर रुंदीच्या २४ पट्ट्या तेथे नीट बसतात. नाळेपाशी तोच घेर ७२ मिलिमीटर उरला, तर प्रत्येक पट्टीच्या वाट्यास तीनच मिलिमीटर येतात. म्हणून प्रत्येक पट्टी टोकाकडे निमुळती तासावी लागते. फासळ्यांच्या कडाही तिरप्या घासाव्या लागतात, म्हणजे पट्टी त्यांवर सर्वांगाने टेकते. शिवाय एक पट्टी डावीकडे लावली की दुसरी उजवीकडे लावावी, असा नियम आहे. एकाच बाजूचा ताण साचत गेला तर कणा वाकतो.

काकांचा हात पोलादाच्या कामात मुरलेला. तेथे तापलेली लादी रुळांखाली जाते आणि पत्रा होऊन बाहेर पडते. ताप आणि दाब यांपुढे तिचे काही चालत नाही. लाकूड असे ऐकत नाही. त्यास पाण्यात भिजवावे, वाफ द्यावी, हळूहळू वळवावे आणि वाळेपर्यंत तसेच धरून ठेवावे लागते. काकांनी घाईने पाच रात्रींत डावी बाजू पुरी केली. दोन पट्ट्या नाळेपाशी तडकल्या, चार एकमेकींवर चढल्या, मध्ये फटी राहिल्या, आणि कणा डावीकडे झुकला.

एका संध्याकाळी ते जहाज माझ्यापुढे ठेवून त्यांनी विचारले, “शास्त्रीजी, फटींत लुकण भरून वर रंग दिला, तर कोणास कळणार आहे?”

‘कोणासही नाही’ हे उत्तर माझ्या ओठांवर आले होते. परंतु ते मला उच्चारता येईना. त्याच आठवड्यात मी त्याच ६७ व्या श्लोकाचे भाषांतर करीत होतो. बुद्धीस कोण हरण करते, हे त्या श्लोकात एका सर्वनामाने सांगितले आहे. ते सर्वनाम कोणाकडे लावावे याविषयी आचार्यांत मतभेद आहे. शांकरभाष्यात ते इंद्रियांमागे धावणाऱ्या मनाकडे लावले आहे. श्रीधरस्वामी ते मन ज्याच्यामागे जाते त्या एकट्या इंद्रियाकडे लावतात. मला निर्णय होईना. तेव्हा मी दोन्ही अर्थ झाकून टाकील असे एक सुंदर, नादमधुर मराठी वाक्य रचले आणि पुढे गेलो. तेथे फट होती, हे वाचकास कधीच कळले नसते. तेही लुकणच होते!

मी काकांना ही गोष्ट सांगितली. ते बराच वेळ स्तब्ध राहिले. मग म्हणाले, “नातवाला रंग दिसेल, पण रोज नजरेस पडेल ती मला फटच.” त्याच रात्री त्यांनी ऊन पाण्यात भिजविलेले फडके सांध्यांवर ठेवून सरस मऊ केला आणि एकेक पट्टी सोडविली. मीही घरी येऊन ते वाक्य खोडले, दोन्ही अर्थ निरनिराळे लिहिले, आणि माझा कल कोणत्या अर्थाकडे आहे ते स्पष्ट नोंदविले. वाक्याची शोभा गेली खरी.

कोणी म्हणेल, खेळण्याकरिता इतका खटाटोप कशास? त्यास एक अलीकडची गोष्ट सांगतो. अजिंठ्याच्या लेण्यांत पाचव्या शतकातील एका जहाजाचे चित्र आहे. त्यावरून गोव्यात ‘कौंडिण्य’ नावाची नौका बांधण्यात आली. तिचा कणा २०२३ च्या सप्टेंबरात घातला गेला. केरळातील कुशल कारागीर बाबू शंकरन् व त्यांचे सहकारी यांनी फळ्या वाफेने वळविल्या आणि काथ्याच्या दोरीने एकमेकींस शिवल्या. जुना आराखडा उपलब्ध नव्हता. म्हणून मद्रासच्या आय. आय. टी.मध्ये लहान प्रतिकृती करून पाण्यातील तिचे वर्तन आधी तपासले गेले. ही नौका २९ डिसेंबर २०२५ रोजी पोरबंदरहून निघाली आणि १४ जानेवारी २०२६ रोजी मस्कतला पोहोचली. खुल्या समुद्रात रंग कामास येत नाही. तेथे फळीला फळी किती खरेपणाने भिडली आहे, एवढेच पाहिले जाते.

साधकाचेही असेच आहे. जपात मन नसते, तेव्हा आपण माळेची संख्या वाढवितो. क्रोध जिंकलेला नसतो, तेव्हा आपण वाणी मृदू करून घेतो. लोकांस वरचा रंग दिसतो, आणि हळूहळू आपल्यासही तोच खरा वाटू लागतो. मग एखादे दिवशी वारा सुटतो. झाकलेल्या सांध्यातून पाणी आत येते, आणि बुद्धीची नाव नेईल तिकडे वाहत जाते. दोष असणे ही साधकाची हानी नव्हे, कारण निर्दोष हाताने आरंभ कोणीच करीत नाही. दोष झाकून त्यावर पुढची फळी ठोकणे, ही मोठी हानी होय.

आणि उकलण्यात काही फुकट जाते, अशी भीतीही बाळगू नये. दुसऱ्या अध्यायाच्या ४० व्या श्लोकात भगवंतांनी आश्वासन दिले आहे की या मार्गावरील आरंभाचा नाश होत नाही. काकांच्या पट्ट्या वाया गेल्या, परंतु हात शिकला. आता ते एक पट्टी डावीकडे व एक उजवीकडे लावतात, आणि एका रात्रीत दोहोंहून अधिक लावीत नाहीत. दिवाळी येऊन गेली. जहाज अजून पुरे झालेले नाही. नातू त्यांच्या शेजारी बसून पट्ट्या पाण्यात भिजवून देतो. कणा मात्र सरळ आहे.

आपल्याही जीवननौकेचा जो सांधा आपण झाकला असेल, तो आज एकांतात उघडून पाहण्याचे धैर्य श्रीहरी आपणां सर्वांस देवो, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.