टळलेल्या झटक्यांसाठी वर्गणी

देवळाच्या जीर्णोद्धाराला वर्गणी दिली की देणाऱ्याला कळस दिसतो. शाळेच्या खोलीवर, रुग्णवाहिकेवर नाव घालता येतं. गरोदर बाईला झटके येऊ नयेत म्हणून पैसे मागायला गेलं, तर माणसं सहानुभूतीने ऐकतात आणि विचारतात, यातून नेमकं उभं काय राहणार? खरं उत्तर द्यायचं तर डोळ्यांना दिसेल असं काहीच नाही. बाई वेळेवर दवाखान्यात पोचेल, बाळंत होईल, घरी जाईल. तिच्यावरून काय गेलं हे पुष्कळदा तिलाही कळणार नाही. प्रीएक्लॅम्पसियासाठी निधी उभारणाऱ्यांची पहिली अडचण ही आहे, आणि ती नीट समजून घेतली तर पैसे कशासाठी मागायचे तेही समजतं.

हा आजार साधारणपणे गरोदरपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर येतो. बीपी १४०/९० किंवा त्याच्या वर जातो, लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात, कधी मूत्रपिंड, यकृत किंवा रक्तातल्या प्लेटलेट बिघडतात. मूळ वारेत असतं. वार गर्भाशयात नीट रुजली नाही की तिला रक्त कमी पडतं. मग ती आईच्या रक्तात अशी द्रव्यं सोडते, की सगळ्या अंगातल्या रक्तवाहिन्यांचं अस्तर दुखावतं. आजार पुढे गेला तर झटके येतात, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. जगात दरवर्षी सुमारे ४६,००० स्त्रिया यात दगावतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बीपी आटोक्यात ठेवता येतो, झटके रोखता येतात, पण आजाराचं मूळ काढायचं तर वार शरीराबाहेर यावी लागते, म्हणजे बाळंतपण करावं लागतं. सातव्या महिन्यातच ती वेळ आली, तर आईला वाचवायचं आणि बाळाला अपुऱ्या दिवसांचं जन्माला घालायचं, हा निर्णय काही तासांत घ्यावा लागतो.

आता याची लक्षणं पाहा. पाय सुजतात. डोकं दुखतं. पोटात वर, उजव्या बाजूला दुखतं. डोळ्यांपुढे काजवे चमकतात. यातली निम्मी तर प्रत्येक गरोदर बाईला कधी ना कधी होतात. म्हणून घरातली मोठी बाई म्हणते, “अगं, या दिवसांत पाय सुजायचेच. खाली सोडून बसू नकोस.” डोकं दुखलं तर, “पित्त झालंय, थंड दूध घे.” हे सगळं मायेने सांगितलेलं असतं आणि दहातल्या नऊ वेळा बरोबरही असतं. धोका आहे तो उरलेल्या एका वेळेत, कारण ती वेळ वरून अगदी बाकीच्या नऊ वेळांसारखीच दिसते. कालपर्यंत सैल असलेल्या बांगड्या मनगटात रुतायला लागल्या, सकाळी उठल्यावर चेहरा सुजलेला दिसला, तर ते साधं नाही, एवढं अनुभवी डोळ्याला कळतं. पण कितीतरी जणींना सूज येतच नाही. बीपी वाढलेला असतो आणि बाई म्हणत असते, मला काही होत नाही. खात्री करायला दोनच गोष्टी लागतात, दंडाला बांधायचा पट्टा आणि लघवीत बुडवायची पट्टी.

झटके रोखणारं औषधही महाग नाही. मॅग्नेशियम सल्फेट गेल्या शतकाच्या सुरुवातीपासून वापरात आहे, पण ते खरंच इतरांहून चांगलं का, याचा भक्कम पुरावा मिळायला १९९५ साल उजाडलं. पुढे २००२ मध्ये ‘मॅगपाय’ या ३३ देशांतल्या चाचणीत दहा हजारांहून अधिक स्त्रियांवर पाहिलं गेलं, की वेळेवर दिलं तर झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो. इतकी वर्षं का लागली? माझ्या मते एक मोठं कारण असं, की या मिठावर कोणाचं पेटंट नाही. ज्यात कंपनीला नफा नाही त्याची चाचणी कंपनी कशाला करील? तो पैसा सार्वजनिकच असावा लागतो. आपल्याकडे सोलापूरच्या डॉ. सुमन सरदेसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय स्त्रियांच्या अंगकाठीला झेपेल अशी कमी मात्रा वापरून पाहिली आणि २००३ मध्ये ती प्रसिद्ध केली. असं काम पुढे नेणं हा निधीचा एक खरा उपयोग आहे.

दुसरा उपयोग उपकरणांचा, पण तिथे सावध राहायला हवं. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या संशोधकांनी एक सोपं बीपी यंत्र तयार केलं. मोबाइलच्या चार्जरवर चालणारं, हिरवा, पिवळा, लाल दिवा लावणारं. आफ्रिकेतल्या देशांबरोबर आपल्या शेजारच्या बेळगाव जिल्ह्यात गोकाकलाही ते वापरून पाहिलं गेलं. तरी मोठ्या चाचणीच्या शेवटी, यंत्रामुळेच जीव वाचले असं संशोधकांना ठामपणे म्हणता आलं नाही. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो. लाल दिवा लागल्यावर गाडी नसेल, पुढच्या दवाखान्यात मॅग्नेशियम आणि ते द्यायला शिकलेली सिस्टर नसेल, तर दिवा नुसता लागून राहील. यंत्र वाटून फोटो काढणाऱ्या प्रत्येक मंडळाने हे आधी वाचावं.

आणि हे केवळ गरिबीचं दुखणं नाही. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये चार गुणिले शंभर मीटर रिलेचं सुवर्ण जिंकणाऱ्या अमेरिकन संघात ॲलिसन फेलिक्स आणि टोरी बोवी होत्या. फेलिक्सला २०१८ मध्ये तीव्र प्रीएक्लॅम्पसिया झाला, बत्तिसाव्या आठवड्यात तातडीने सिझेरियन करावं लागलं. पुढच्या वर्षी तिने अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे आपली हकिकत सांगितली. बोवी २०२३ मध्ये घरीच वारली, आठ महिन्यांची गरोदर असताना, आणि शवविच्छेदनात एक्लॅम्पसियाची, म्हणजे याच झटक्यांची, शक्यता नोंदली गेली. तिथे २००० पासून प्रीएक्लॅम्पसिया फाउंडेशन काम करतं, गावोगाव चालण्याचे कार्यक्रम करून निधी जमवतं. २२ मे हा दिवस जगभर याच आजारासाठी पाळतात. गरज तिथेही संपलेली नाही.

आपल्याकडे जागृतीची वेळ परंपरेनेच ठरवून ठेवली आहे. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होतं. सासू, आई, मावशी, शेजारणी एकत्र जमतात, आणि आजार डोकं वर काढतो तेही साधारण त्याच दिवसांत. ओटी भरून झाल्यावर पाच मिनिटं या आजाराच्या लक्षणांविषयी बोललं गेलं, तर भिंतीवरच्या शंभर फलकांपेक्षा जास्त काम होईल. त्यानंतर मुलगी बाळंतपणाला माहेरी जाते. साडी, फराळ, दागिने बरोबर जातात. माता-बाल संरक्षण कार्ड मात्र सासरच्या कपाटात राहतं. नव्या डॉक्टरांना १३५ चा बीपी फार वाटत नाही, कारण पहिल्या तीन महिन्यांत तो १०० होता हे त्यांना माहीतच नसतं. कार्ड पिशवीत टाकायला दमडी लागत नाही.

पैसा खरा लागतो तो बाळंतपणानंतरच्या दिवसांसाठी, आणि त्याचा कोणी विचारही करत नाही. वार पडली की आजार संपला, अशी समजूत आहे. पण झटके बाळंतपणानंतरही येऊ शकतात, आणि सहा आठवड्यांपर्यंत बीपीवर लक्ष ठेवावं लागतं. म्हणजे जवळजवळ आपला सव्वा महिनाच. त्या काळात बाळंतिणीचं डोकं ठणकलं तर जागरणाने ठणकतंय असं म्हणून फडकं बांधलं जातं. आशाताई तर बेचाळीस दिवसांपर्यंत बाळाला बघायला ठरलेल्या दिवशी घरी येतेच. बाळाचं वजन करते, ताप बघते. त्याच खेपेला तिने आईच्या दंडालाही पट्टा बांधावा, तो पट्टा जाड दंडालाही पुरावा, यंत्र दरवर्षी तपासून घेतलेलं असावं, आणि आकडा जास्त आला तर कोणाला फोन करायचा हे तिला पाठ असावं. मी मागेन ती वर्गणी यासाठी.