पाहणे हीसुद्धा सेवा

सेवा म्हटली की आपल्याला काहीतरी करावेसे वाटते. अन्न वाटावे, झाडे लावावीत. पण नुसते पाहायला जाणे, ही सेवा होऊ शकते का?

हा प्रश्न मला एका अनुवादाच्या वेळी पडला. इंग्लंडमध्ये काही संरक्षित माळांवर मुद्दाम गुरे-मेंढ्या चारतात. त्यामुळे झुडपे माजत नाहीत आणि रानफुलांना ऊन मिळते. त्या जनावरांची पाहणी स्वयंसेवक करतात. त्यांना तिथे ‘लुकर’ म्हणतात. जनावरे मोजायची, एखादे लंगडते का, पाणी आहे का, कुंपण शाबूत आहे का ते पाहायचे. काही बिघडले असेल तर कळवायचे. एवढेच काम. ‘गुराखी’ हा शब्द बसेना. गुराखी गुरे वळतो, हे फक्त पाहतात.

मी चेन्नईजवळ आवडीत राहते. इथल्या परुत्तिपट्टू तलावाकडे फिरायला जाताना एकदा एक गाय लंगडताना दिसली. वाईट वाटले, पुढे गेले. दुसऱ्या दिवशीही तसेच. तिसऱ्या दिवशी ती दिसली नाही. तेव्हा जाणवले, तिचा कोणता पाय दुखत होता हेही मला सांगता येणार नाही. मला दया आली होती; मी पाहिले मात्र नव्हते.

आम्हा वाणिज्याच्या विद्यार्थ्यांना शिकवतात, की केवळ वहीवर विसंबू नये, गोदामातला माल मोजून पाहावा. चांगल्या हेतूचेही असेच आहे. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात १९८२ साली पक्ष्यांच्या हितासाठी गुरांना चराईबंदी झाली. गावकऱ्यांनी विरोध केला, गोळीबारात माणसे गेली. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या अभ्यासातून दिसले, की म्हशी चरायच्या थांबल्यावर गवत माजले, पाणथळ जागा गुदमरल्या आणि नुकसान पाणपक्ष्यांचेच झाले. हेतू शुद्ध होता, पाहणे अपुरे पडले.

साक्षीभाव म्हणजे दूर राहणे, असे आपण समजतो. त्या स्वयंसेवकांची ना गाय, ना माळ, ना दूध. तरी ते पावसातही मोजायला जातात. ममत्व नसतानाही आस्था असू शकते, हे त्यांच्याकडून शिकावे.

उद्या वाटेत एखादे जनावर दिसले, तर क्षणभर थांबा. चारही पाय पाहा, डोळे पाहा, जवळ पाणी आहे का पाहा. गरज वाटली तर मालकाला सांगा, किंवा पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ हा क्रमांक लावा. मीही आता तेवढे करते.